उरकुडे ब्रेक

"मॅडम, पहिला राउंड तुमच्यासोबतच," असं म्हणत गावंडेबाईंनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात कोंबला आणि दंडाला धरून मला फाटकाबाहेर नेलं. बाहेर त्यांची कोरी करकरीत लाल गाडी उभी होती. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं आणि बॉनेटवर काढलेल्या स्वस्तिकाचं कुंकू पुरतं वाळलंही नव्हतं.

करुणा गावंडे एका पतसंस्थेत कॅशियर होत्या. दोन वर्षांपूर्वी त्या माझ्याकडे गाडी शिकल्या, पहिल्या फटक्यात लायसन्स काढलं, ते पर्समध्ये ठेवलं आणि गाडीसाठी पैसे जमवायला लागल्या. मधल्या काळात त्यांनी स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नव्हता. तरी देवळात पूजा करून गाडी त्या थेट माझ्या दारात घेऊन आल्या होत्या, सासूबाईंना दाखवायच्या आधी. माझी मान जरा ताठ झाली, हे कबूल करते.

मी सवयीने डावीकडे बसले. निघालो. पहिल्याच वळणावर बाईंनी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मी शिकवलं होतं अगदी तसं. पुढे भाजीबाजाराच्या तोंडाशी एक गाय आडवी आली, तिथेही तसंच. दोन वर्षं झाली तरी धडा पक्का होता आणि मला शिक्षकाला वाटावं तसं बरं वाटलं.

मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा मात्र गाडी हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. बाईंनी ती झटक्याने डावीकडे घेतली. ती पुन्हा सरकली. एकदा तर दुभाजकाला घासता घासता वाचलो आणि मागून येणारा मोटरसायकलवाला आमच्या दोघींच्या माहेरचा उद्धार करत निघून गेला.

"सकाळपासून असंच करून राहिली," गावंडेबाई रडवेल्या झाल्या. "एवढे पैसे मोजले मॅडम, आणि गाडी वाकडी निघाली."

मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली आणि स्वतः चालवून पाहिली. गाडी उजवीकडे जात होती, यात शंकाच नव्हती. अकरा वर्षांच्या अनुभवाचा सगळा भार आवाजात आणून मी निकाल दिला, की गाडीत दोष आहे, शनिवारी आपण दोघी शोरूमला जाऊ आणि काय सांगायचं ते मी सांगेन. वर हेही म्हणाले, की नव्या गाड्यांचं कौतुक उगाच असतं. हे शेवटचं वाक्य त्यांच्यासाठी नव्हतं, ते माझं मलाच सांगणं चाललं होतं.

त्याचं कारण असं. यवतमाळात बायकांना गाडी शिकवणारी मी तेव्हा एकटीच होते. माझी शाळा म्हणजे एक पांढरी जुनी गाडी, एक पाटी आणि बायपासजवळचं एक रिकामं लेआउट, जिथे प्लॉट पडले होते, रस्ते झाले होते, पण घरं झाली नव्हती. ती पांढरी गाडी माझ्या मोठ्या दिरांची. मी स्वतः त्यांच्याकडून तिच्यावरच शिकले आणि पुढे तीच विकत घेतली. दुसऱ्या कुठल्या गाडीवर बसायची वेळ आली नाही आणि हौसही नव्हती. तिचे नखरे होते. ब्रेक एकदा दाबला की लागायचा नाही, सोडून दुसऱ्यांदा दाबला की लागायचा. शिवाय ती डावीकडे ओढायची, म्हणून स्टिअरिंग कायम किंचित उजवीकडे धरून ठेवायचं. गजूभाऊ भोयर, आमचे मेकॅनिक, पासिंगच्या वेळी सगळं ठीकठाक करून द्यायचे आणि महिन्याभरात ती पुन्हा आपल्या वळणावर यायची. शेवटी आम्ही दोघांनी तिचा नाद सोडला. "दाबा, सोडा, दाबा," असं मी पहिल्याच दिवशी बायकांना पाठ करून घ्यायचे.

त्या वर्षी तिच्या पायाखालचा पत्रा सडला. एका शिकाऊ बाईंच्या चपलेची टाच त्यातून खाली जाऊन रस्त्याला लागली, तेव्हा गजूभाऊंनी हात जोडले. दिग्रसला एक आठ वर्षांची गाडी विकायला होती, एक लाख दहा हजारांत. गजूभाऊंचं म्हणणं, तीच घ्यावी. "शिकाऊ गाडी जुनीच पाह्यजे, मॅडम. नव्या गाडीचं क्लच या बाया सहा महिन्यांत खाऊन टाकतील. मंग मले नका सांगू." त्यांचं चुकत नव्हतं.

माझ्या नवऱ्याचंही चुकत नव्हतं. वसंतराव पाटबंधारे खात्यात होते, शर्टाच्या खिशात पेन असावं तशी पँटच्या खिशात मोजमापाची टेप बाळगणारा माणूस. उभ्या आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलं नाही. आम्ही चौदा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि वरच्या मजल्यावरून घरमालकीण आमच्या नळाचा आवाज मोजायची. वडगाव रोडला एक फ्लॅट यांनी हेरून ठेवला होता. पोस्टात चार लाख साठले होते. सोमवारी बुकिंगची रक्कम भरायची होती. नवी गाडी साडेतीन लाखांची, म्हणजे ती घेतली की फ्लॅट गेला. जुनी घेतली तर ओढूनताणून दोन्ही जमत होतं. "गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर पडली की तिची किंमत उतरते," हे म्हणाले. "आणि ती तू देणार कोणाच्या हातात, तर ज्यांना गाडी येतच नाही त्यांच्या." मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले. बेडरूमच्या पडद्यांचा रंगसुद्धा माझा ठरला होता.

शनिवारी गावंडेबाईंबरोबर शोरूमला गेले ती भांडायच्या तयारीनेच. तिथल्या पोरसवदा साहेबाने आमचं ऐकून घेतलं आणि मागून मडावींना बोलावलं. मडावी तिथले सगळ्यात जुने कारागीर, साठीकडे झुकलेले, बोलायला अगदी कमी. त्यांनी टायरमधली हवा पाहिली, गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, मॅडमनीच चालवावी, मी बाजूला बसतो. गावंडेबाई मागे बसल्या.

बायपासला लागलो. दुपारची वेळ, रस्ता सरळ आणि रिकामा. गाडी उजवीकडे सरकायला लागली.

"बघा," मी म्हणाले.

मडावी माझ्या हातांकडे बघत होते. "मॅडम, हात सोडा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. अकरा वर्षांत एका हाताने स्टिअरिंग धरणाऱ्या बाईलाही मी खाली उतरवलं होतं. मडावींनी शांतपणे पुन्हा तेच सांगितलं, आणि म्हणाले की काही होणार नाही, माझा हात जवळच आहे. मी वेग कमी केला. आधी बोटं सैल केली, मग तळवे उचलले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

गाडी सरळ झाली.

ती सरळ जात राहिली. रस्त्याची पांढरी पट्टी माझ्या उजव्या हाताला होती तिथेच राहिली, ना जवळ आली ना लांब गेली. बाभळी मागे जात होत्या. स्टिअरिंग माझ्यासमोर मोकळं होतं आणि हलत नव्हतं. कोणी धरलेलं नाही, कोणी सांगत नाही आणि एवढी थोरली वस्तू आपल्या आपण नीट चालली आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. देवळात जाऊनही मला कधी असं गप्प व्हायला झालं नव्हतं. चांगला फर्लांगभर आम्ही तसेच गेलो, मग मडावींनी हलकेच बोट लावून खूण केली आणि मी पुन्हा हात ठेवले. हात ठेवल्याबरोबर गाडी उजवीकडे निघाली.

मी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. थांबवताना ब्रेक दाबला, सोडला, दाबला.

मडावींनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही उरकुडे मॅडम न? राग नका मानू, एक गोष्ट सांगू का?"

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या वर्कशॉपला वर्षानुवर्षं काही बायका तक्रारी घेऊन यायच्या, की गाडी उजवीकडे ओढते. गाडीत काही निघायचं नाही. महिन्या-दोन महिन्यांत हात आपोआप सरळ व्हायचा आणि तक्रार बंद व्हायची. पण पायाचं तसं नव्हतं. पाय सुधारायचा नाही. दहा-दहा वर्षं गाडी चालवणाऱ्या बायका अजून ब्रेक दोनदा दाबतात. "गाडी आत आली की आमची पोरं बिना विचारता सांगतात, ही बाई कोणाकडे शिकली. ते त्याले उरकुडे ब्रेक म्हनतात."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, हेच मला जास्त लागलं.

"म्हणजे मी चुकीचं शिकले का?" मागून गावंडेबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर शिकलात. मी चुकीचं शिकवलं."

परतताना गाडी गावंडेबाईंनी चालवली. मला बसस्टँड चौकात सोडा म्हणाले, भाजी घ्यायची आहे. भाजी घेतली नाही. सिग्नलच्या अलीकडे एका बंद दुकानाची पायरी होती, तिच्यावर जाऊन बसले. संध्याकाळ होत होती, गाड्यांचे दिवे लागत होते. मला एकच गोष्ट बघायची होती.

सिग्नल लाल झाला. पहिली एक जीप आली. तिच्या मागचा लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मग एक पुरुष, पुन्हा एक पुरुष. मग एक करडी गाडी आली, चालवायला पोलीस लाइनमधल्या सरनाईकबाई. दिवा लागला, विझला, लागला.

मी उठून उभी राहिले.

त्यांच्यानंतर दोन सिग्नल काही नाही. मग डॉक्टर ओमनवारांची सून, माझी सहा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. लागला, विझला, लागला. मग एक निळी गाडी, आत कोण होतं ते दिसलं नाही, पण दिव्याने सांगितलं. मग कळंब रोडच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका, ज्यांनी पंचावन्नाव्या वर्षी घरच्यांशी भांडून शिकायला सुरुवात केली होती. त्याही. मी त्या गर्दीत उभी होते, कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि सगळ्या गावातून माझीच पावलं चालली होती. मी कोणाच्या घरी गेले नव्हते, कोणाला रोज भेटत नव्हते. तरी प्रत्येकीच्या उजव्या पायात मी बसले होते, आणि ती म्हातारी होईपर्यंत तिथे राहणार होते. माझ्या नोंदवहीत तेव्हा सहाशे एकेचाळीस नावं होती. गाडीला दुखणं आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं. दुखणं शिकवता येतं, एवढंच ठाऊक नव्हतं. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी त्या दिव्यांवरून डोळे काढवत नव्हते. आपण केलेली गोष्ट एवढी मोठी असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

किती वेळ झाला कोणास ठाऊक. स्कूटर येऊन थांबली. हे मला शोधत आले होते.

"अगं, काय झालं? गावंडेबाई म्हणाल्या तुला इथे सोडलं, म्हणून आलो."

मी बोट दाखवलं. एक पांढरी गाडी सिग्नलला आली. लागला, विझला, लागला. यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी थोडक्यात सगळं सांगितलं, मडावींचं नाव, ब्रेकचं नाव, सगळं. यांना स्कूटर स्टँडला लावायचंही सुचलं नाही, ते तशीच धरून उभे राहिले.

दोन सिग्नलनंतर आणखी एक आली.

"ही पण तुझी?"

"हो."

हे बराच वेळ त्या दिव्यांच्या मधल्या अंधाराकडे बघत राहिले. तोंडाने पुटपुटत होते, तेव्हा मला वाटलं गाड्या मोजताहेत.

"चाळीसच्या स्पीडला गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते," हे म्हणाले. "मध्ये अर्धा सेकंद ब्रेक सुटलेला असतो. म्हणजे साडेपाच मीटर."

त्यांनी खिशातली टेप काढली नाही. आम्ही उभे होतो तिथून डोळ्यांनीच साडेपाच मीटर मोजले. तेवढ्या जागेत एक पाणीपुरीवाला, दोन कॉलेजच्या मुली आणि सायकल हातात धरलेला एक म्हातारा उभा होता.

"चल घरी," हे म्हणाले. "फ्लॅटवाल्याला मी उद्याच नाही म्हणून सांगतो."

मी म्हणाले, जुनीच घेऊ, पण चांगली बघून घेऊ, ब्रेक नीट असलेली. यांनी मान हलवली. जुनी गाडी कोणाच्या ना कोणाच्या वळणाची असणार, म्हणाले, आणि ते वळण तुला ओळखू येणार नाही, कारण तुझे हातपायच बिघडलेले आहेत. तुला तपासायचं असेल तर जिच्यात काहीच नाही अशी गाडी पाहिजे. एवढं लांबलचक वाक्य हे लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असावेत.

गाडी घेतली. फ्लॅट पुढे नऊ वर्षांनी झाला, वडगाव रोडला नाही, त्याहून लांब. गजूभाऊंनी कपाळाला हात लावला आणि तरीही डाव्या सीटच्या पायाशी माझ्यासाठी दुसरा ब्रेक बसवून दिला, शिकाऊच्या ब्रेकला लोखंडी दांड्याने जोडलेला, म्हणजे तिकडचा दाबला की इकडचाही खाली जातो.

आणि मग आठ दिवस ती गाडी दिवसभर कव्हर घालून दारात उभी राहिली. नवी बॅच थांबली होती, फोन येत होते, मी काही ना काही कारण सांगत होते. खरं कारण मी फक्त यांना सांगितलं. रोज पहाटे मी ती गाडी एकटीच लेआउटवर नेत होते. एकदाच दाबायचं असं ठरवून पाय ठेवत होते आणि पाय मला न विचारता दोनदा जात होता. गाडी कोरी होती, पण शिकवणारी तीच होती. माझ्या शेजारी बसून बाई शिकणार म्हणजे माझंच शिकणार.

"मला शिकव," हे म्हणाले.

मी हसले. पन्नाशी उलटलेला माणूस, ज्याने कधी गाडी शिकायचं नावही काढलं नव्हतं.

"हसू नको. माझ्या पायात काहीच नाही. ते दोनदा दाबणं माझ्यात आलं तर तुझं आहे असं समज. नाही आलं तर बाकीच्यांना घे."

रविवारी सकाळी लेआउटवर गेलो. हे उजवीकडे बसले, सीट पुढे ओढली, आरसा मोजून मापून लावला. पाठ अशी ताठ, जणू कोणी फोटो काढणार आहे. मी क्लच सांगितला, गिअर सांगितला. दोनदा गाडी बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. रिकाम्या प्लॉटमधून आम्ही पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जात होतो. यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ते सरळ होतं. माझा डावा हात दाराला घट्ट धरून होता.

रस्ता संपायला आला. समोर दगडांचा ढीग होता. आता सांगायला हवं होतं, आणि माझ्या तोंडात अकरा वर्षांचे ते तीन शब्द तयार होते. मी दात आवळले. माझा पाय माझ्याकडच्या ब्रेकवर होता. तो मी नुसता टेकवून ठेवला आणि त्याच्यावर सगळं लक्ष लावलं.

"दाबा," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

माझ्या तळव्याखालून ब्रेक खाली गेला आणि खालीच राहिला. गाडी उभी राहिली. दगड चांगले लांब होते.

हे पुढच्या सूचनेची वाट बघत माझ्याकडे वळले. पाय तसाच दाबलेला होता.

"आता?"

"आता काही नाही," मी म्हणाले. "थांबली."

"एवढंच असतं?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते मी पुसलं नाही. माझ्या पायाखाली तो ब्रेक अजून तसाच होता, स्थिर, एकदाच दाबलेला.

"एवढंच असतं," मी म्हणाले.